मागचं डावं चाक

१

माझी गाडी जुनी इस्टीम आहे. रंग पांढरा, आता जरा साईसारखा पिवळट झालेला. नागापूरच्या एमआयडीसीत एका कारखान्यात मी तपासणी विभागात काम करते. मशीनवरून उतरलेले सुटे भाग मोजायचे आणि मापात नसतील ते बाजूला काढायचे. घर मात्र देवळाली प्रवरेला, कारण माझा नवरा सत्यवान तिथल्या शाळेत शिकवतो. म्हणून पहाटे निघून विळदचा घाट चढायचा आणि दुपारी पाळी सुटली की उलट यायचं. घाट, राहुरी, मग राहुरी फॅक्टरीचा फाटा. तिथून डावीकडे आत वळलं की उसातून जाणारा रस्ता आणि घर. कंपनीची बस आहे, पण मला गाडी चालवायला आवडतं. सहा वर्षं हाच रस्ता.

इंजिन अजून घड्याळासारखं चालतं. चाल मात्र गेली होती. वळणावर गाडी होडीसारखी कलायची, ब्रेक दाबला की नाक खाली घालायची. शॉकअप बदलायचेच होते, तर म्हटलं सोबत लोअरिंग स्प्रिंगाही बसवाव्यात. मूळ स्प्रिंगांपेक्षा आखूड आणि कडक. गाडी खाली बसते, रस्ता धरून पळते.

"गाडी डाऊन करायची म्हनतीस?" सूर्यभान हसला. नागापूरलाच त्याचं गॅरेज आहे. आम्ही दोघं आयटीआयला एका बाकावर होतो. "कॉलेजच्या पोरावानी? हन्ना, तुझ्या कारखान्यातले सायेब काय म्हनतील?"

"साहेबांना गाडीत बसवत नाही मी."

त्याने स्प्रिंग शिकंज्यात दाबून धरली आणि मी नट फिरवले. जुन्या स्प्रिंगा गंजून तपकिरी झाल्या होत्या. त्या त्याने पोत्यावर ओळीने मांडून ठेवल्या. नव्या लालभडक होत्या. जॅक काढला तशी गाडी हलकेच खाली आली आणि थांबली. पूर्वी टायर आणि मडगार्डाच्या मध्ये माझी मूठ जायची. आता फक्त दोन बोटं. चारही चाकांशी बसून पाहिलं. सगळीकडे दोन बोटं, सारखी.

त्या दुपारी विळदचा घाट उतरताना मी एकटीच गाडीत गात होते. प्रत्येक वळणावर गाडी माझ्या हाताच्या आधी वळल्यासारखी वाटत होती.

फाट्यावरून आत वळलं की एक गतिरोधक आहे. त्याच्यावरून उतरले आणि मागून आवाज आला. खर्र. टायर मडगार्डाला घासल्याचा. डाव्या बाजूने.

मग पुढच्या खड्ड्याला पुन्हा खर्र.

दोन-तीन किलोमीटर तो आवाज येत राहिला आणि बाभळींच्या वळणानंतर आपोआप थांबला. घरी पोचल्यावर बोटं घालून पाहिली. डावीकडे दोन बोटं, उजवीकडेही दोन.

२

नव्या स्प्रिंगा जागेवर बसायला थोडे दिवस घेतात, म्हणून आधी मी मनावर घेतलं नाही. पण आवाज रोज यायला लागला. तोही फक्त परतीच्या वाटेवर, त्या गतिरोधकापासून त्या वळणापर्यंत. सकाळी त्याच रस्त्याने जाताना टायर एकदाही घासायचं नाही.

सूर्यभानने मडगार्डाची आतली कडा ठोकून वळवली. आवाज आलाच. मग मागच्या दोन स्प्रिंगांची अदलाबदल केली. "स्प्रिंगमदी दोष असंल तर आता उजवीकडं घासंल," तो म्हणाला. मलाही ते पटलं. दोष भागात असेल तर भागाबरोबर जागा बदलतो, हे मी रोज कामावर बघते.

आवाज डावीकडेच आला.

रस्त्याला उतार असेल, असं मी ठरवलं. डांबर एका बाजूने खचलं असेल. रविवारी राहुरीच्या चर्चमधून येताना सत्यवान शेजारी बसला होता. गतिरोधक ओलांडला आणि खर्र झालं.

"मागे कोणी बसल्यासारखं वाटतं," तो सहज म्हणाला.

म्हणाला आणि मागे वळून बघितलं त्याने. मग पुढे तोंड करून बसला, आणि थोड्या वेळाने त्याच्या बाजूची काच वर केली. ऊन होतं, गार वारा नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी वळणाच्या अलीकडे गाडी थांबवली. उतरले, मागच्या डाव्या चाकाशी उकिडवी बसले. तिथे एकसुद्धा बोट जाईना. उजवीकडे दोन्ही बोटं आरामात गेली. रस्ता सपाट होता, मी पाण्याची बाटली आडवी ठेवून बघितली होती.

गाडी सुरू केली. वळणावर नेहमीसारखा वेग कमी केला. बाभळींच्या सावलीत गाडीचा मागचा भाग हलकेच वर आला. धक्का बसला नाही. एखादं माणूस सीटवरून उठतं तेव्हा गाडी उचलते ना, तशी उचलली.

वळण संपल्यावर थांबून पाहिलं. दोन बोटं.

त्या वळणावर एक म्हातारी बाई रोज शेळी चारत उभी असायची. बारीक अंगाची, डोक्यावर पदर, हातात शेळीची दोरी. इतकी वर्षं तिला बघत होते, पण त्या दिवशी पहिल्यांदा नीट बघितलं. ती माझ्याकडे पाहत नव्हती. ती मागच्या काचेकडे पाहत होती.

३

फाटा आणि वळण यांच्यामध्ये एक वजनकाटा आहे. उसाचे ट्रॅक्टर, भंगाराचे टेम्पो तिथे वजन करून जातात. रामहरी नावाचा माणूस केबिनमध्ये बसतो आणि केबिनवर लाल आकडे उमटतात. मी ठरवलं, आता अंदाज नको, वजनच करायचं.

गतिरोधकावर खर्र झालं. मी सरळ काट्यावर गाडी घेतली, इंजिन बंद केलं, उतरून रामहरीला रिकाम्या गाडीचं वजन हवं म्हणून सांगितलं आणि लांब जाऊन उभी राहिले.

रामहरीने खिडकीतून मान बाहेर काढली. "ताई, रिकाम्या गाडीचं वजन पायजे म्हनला ना? मग मागच्याला बी उतरवा की."

"मागे कोणी नाही."

त्याने कपाळावर हात आडवा धरून गाडीच्या काचेकडे निरखून पाहिलं. दुपार कलली होती, काचेवर ऊन झळकत होतं.

"काच चमाकती," तो म्हणाला. "मला वाटलं..."

"काय वाटलं?"

"काय न्हाई. व्हा पुढं, ट्रॅक्टर लागलाय."

मी आकडा लक्षात ठेवला. वळणापर्यंत गेले. गाडी उचलली. तिथूनच माघारी फिरून पुन्हा काट्यावर आले. आता आकडा कमी झाला होता. दोन्हीतला फरक पन्नास किलोच्या घरात होता. एखाद्या सडपातळ माणसाचं वजन.

"पेट्रोल सांडलं का काय वाटंत?" रामहरी हसत म्हणाला. मग त्याचं हसू विरलं. "एवढं पेट्रोल तर टाकीत मावत बी न्हाई."

आम्ही दोघं गाडीकडे बघत उभे राहिलो. मागे ट्रॅक्टरवाला हॉर्न देत होता. रामहरीने वजनाचे पैसे घेतले नाहीत.

घरी आल्यावर मी मागचं डावं दार उघडून सीटवर तळवा टेकवला. सीट कोमट होती. ऊन त्याच बाजूने येतं, मी स्वतःला समजावलं. मग हात जरा सरकवून दाराजवळ ठेवला. ऊन तिथेही होतं. तिथलं कापड गार होतं.

४

मला भीती कशाची वाटत होती हे मी नीट सांगू शकत नाही. मागून कुणी श्वास घेतल्याचा आवाज आला नाही, कुणाचा हात लागला नाही. फक्त गतिरोधकानंतर सीट हलकीशी करकरायची आणि टायर घासायला लागायचं. जो कोणी होता तो ठरल्या जागी बसायचा आणि ठरल्या जागी उतरायचा. कामावरून घरी जाणाऱ्या माणसासारखा.

मला रात्री जागं ठेवणारा विचार वेगळाच होता. जुन्या स्प्रिंगांवर गाडी उंच होती. मूठभर जागा असताना पन्नास किलोने टायर कुठे घासणार? म्हणजे गाडी खाली बसवली म्हणून मला हे कळलं. बसणारा कधीपासून बसत होता? या सहा वर्षांत मी त्या रस्त्यावर फोनवर बोलले होते, रडले होते, आईच्या आजारपणात देवाशी भांडले होते. एकटी आहे असं समजून.

त्या तुकड्यापुरता मी आतला आरसा छताकडे वळवून ठेवायला लागले.

"विकून टाक," सत्यवान म्हणाला. मग माझा चेहरा पाहून म्हणाला, "नाहीतर त्या जुन्या स्प्रिंगा परत बसव."

"म्हणजे तो बसायचा थांबेल?"

"नाही. पण तुला कळणार नाही."

मला ते पटलं, याची आज लाज वाटत नाही. तेव्हा तेच शहाणपणाचं होतं. सूर्यभानला फोन केला. जुन्या स्प्रिंगा त्याच्याकडे होत्या.

"काढायच्या?" त्याला वाईट वाटलं. "एवढी झ्याक बसली हुती गाडी. बरं, रविवारी ये. गर्दी नसती. निवांत बदलू."

५

शनिवारी पाळी सुटायला उशीर झाला. फाट्यावर आले तेव्हा सूर्य उसाच्या तुऱ्यांना टेकला होता. गतिरोधक, सीटची करकर, खर्र. आजचा शेवटचा दिवस, मी मनात म्हटलं. उद्यापासून ऐकू येणार नाही.

वजनकाटा मागे गेला. बाभळींचं वळण आलं. मी वेग कमी केला आणि वाट बघितली.

गाडी उचलली नाही.

म्हातारी वळणावर नव्हती. शेळी होती, एकटीच. गळ्यातली दोरी मातीत लोळत होती आणि ती रस्त्याच्या कडेला उभी राहून ओरडत होती.

मी थांबले नाही. ब्रेकवरचा पाय उचलून पुढे गेले. टायर आता खड्ड्याची वाट बघत नव्हतं, सपाट रस्त्यावरही सारखं घासत होतं. रबर जळाल्याचा वास आत आला. स्टिअरिंग डावीकडे ओढत होतं. शेवटी थांबावंच लागलं. दोन्ही बाजूंना ऊस, मध्ये मी आणि गाडी.

उतरून मागचं डावं दार उघडलं. आत बघितलं नाही, सीटच्या खालच्या कडेकडे बघत उभी राहिले.

"उतरा ना," मी म्हणाले. माझा आवाज मलाच ओळखू येईना. "तुमचं ठिकाण मागे गेलं."

उसात वारा फिरला आणि थांबला. दूर कुठेतरी ट्रॅक्टरवर गाणी लागली होती.

माझ्या डोळ्यांसमोर गाडीचा तो कोपरा आणखी खाली गेला. हळूच. स्प्रिंग कण्हल्यासारखी वाजली आणि मडगार्डाची कडा टायरवर येऊन टेकली.

मी मागे सरकत सरकत उसाच्या बांधापर्यंत गेले. घर फार लांब नव्हतं. किल्ली तशीच ठेवून चालत सुटावं, उद्या सत्यवान आणि सूर्यभान काय ते बघतील, असं मनात आलं. दोन पावलं टाकलीही. मग शेळी आठवली. दोरी मातीत टाकून ती बाई कुठे जाईल? एवढी वर्षं तिच्या हातातून दोरी सुटलेली मी बघितली नव्हती.

मी परत येऊन दार लावलं आणि गाडी माघारी वळवली.

वळणाकडे तोंड केलं तसा घासण्याचा आवाज कमी झाला. जवळ जाऊ तसा आणखी कमी. वळणावर थांबून बोट घातलं, जेमतेम टोक गेलं. तिथून एक कच्ची वाट शेतांना पाणी नेणाऱ्या कालव्याच्या चारीच्या कडेने उसात शिरते. दुसरी त्या बाईच्या वस्तीकडे जाते. मी आधी वस्तीच्या वाटेला लागले. खर्रर्र. मागे घेतली. चारीच्या वाटेला वळवली आणि गाडी गप्प झाली. इतकी गप्प, की खालची माती टायरखाली चुरडताना ऐकू येत होती.

मला भीती वाटत होतीच. पण आता ती माझ्यासाठी नव्हती.

६

चारी सिमेंटची आहे, दोन्ही बाजू उतरत्या. गुडघाभर गवत. जिथे वाट संपली तिथे एक विळा पडलेला दिसला, शेजारी गवताचा अर्धवट बांधलेला भारा. खाली, पाइपाच्या तोंडाशी, ती पडली होती. एक पाय विचित्र दुमडलेला. पदर ओला.

ओला, कारण कालव्याला पाणी सुटलं होतं. चारीच्या तळातून गढूळ पाणी काड्याकुड्या घेऊन येत होतं. तिच्या पाठीखालून वाहत होतं, आणि मी बघत असताना कानाच्या पाळीपर्यंत चढलं.

मी बसून घसरत खाली गेले, तिचं डोकं उचलून मांडीवर घेतलं. डोळे मिटलेले, पण ओठ हलत होते. एकटीने तिला वर काढणं शक्य नव्हतं. मी जिवाच्या आकांताने ओरडले. पलीकडच्या फडात ऊसतोडीची माणसं होती, कोयते तसेच हातात घेऊन धावत आली. एका बाईने डोक्याला बांधलेला टॉवेल काढून तिच्या पायाला गुंडाळला. गोधडी आणली, दोघांनी तिची झोळी केली. वर काढेपर्यंत पाणी माझ्या गुडघ्याला लागलं होतं.

"मनकर्णा आजी हाय ही," एकजण म्हणाला. "एकटीच ऱ्हाती वस्तीवर. तुमाला कसं कळलं वो, हिकडं हाय म्हनून?"

मी धावत जाऊन गाडीचं मागचं दार उघडलं. त्यांनी तिला उजव्या दाराने आत घेतलं. पाय सरळ राहावा म्हणून सीटवर आडवी निजवायचं ठरलं, पण ती कण्हायला लागली, म्हणून मागे टेकवून बसवली. पाय गोधडीच्या गुंडाळीवर. डावीकडची जागा रिकामी राहिली. त्यांच्यातला एक कोयतेवाला तिथे बसायला निघाला.

"तुम्ही पुढे बसा," मी म्हणाले.

तो पुढे बसला. मी राहुरीच्या रस्त्याला गाडी घातली. टायर घासत होतं आणि मला त्याची फिकीर नव्हती. म्हातारीकडे लक्ष ठेवायला हवं होतं, म्हणून छताकडे वळवलेला आरसा मी खाली घेतला.

आरशात तिचा चेहरा दिसला. डोळे मिटलेले, तोंड जरासं उघडं. मान डावीकडे कललेली.

डावीकडे टेकायला काही नव्हतं. मान सीटच्या पाठीपासून सुटून पुढे आली होती, दार लांब होतं. तिचं डोकं मधल्या मोकळ्या जागेत होतं, खांद्याच्या उंचीवर, आणि तिथेच स्थिर होतं. खड्डा आला, गाडी आदळली. पुढे बसलेल्या माणसाचं डोकं छताला लागता लागता राहिलं. तिचं डोकं हललं नाही. तिच्या डाव्या गालाची कातडी दाबली गेली होती. त्या बाजूचे पांढरे केस चपटे झाले होते, कशावर तरी टेकल्यासारखे.

ओल्या पदराचं टोक सीटवरून खाली लोंबत होतं. मी बघत होते, तेवढ्यात ते वर उचललं गेलं आणि तिच्या छातीवर नीट येऊन बसलं.

मी रस्त्याकडे नजर वळवली. परत आरशात बघायचा धीर झाला नाही, आणि गरजही वाटली नाही. ती नीट होती. तिला कोणीतरी धरलं होतं.

७

दवाखान्यात तिला स्ट्रेचरवर घेतलं तेव्हा गाडीची उजवी बाजू उचलली. मी दाराशी उभी होते. क्षणभराने डावीही उचलली. कोयतेवाला दादा स्ट्रेचरच्या मागे आत गेला होता. बाहेर कोणीच नव्हतं, आणि दवाखान्याचं काचेचं दार स्ट्रेचर गेल्यानंतर, कुणी धरलेलं नसताना, जरा जास्तच वेळ उघडं राहिलं.

खुब्याचं हाड मोडलं होतं. आणखी थोडा वेळ गेला असता तर पाण्याने घात केला असता, असं डॉक्टर म्हणाल्या. सत्यवान आला, तिला रक्त लागणार होतं ते त्याने दिलं. शिर्डीला तिची भाची हॉटेलात काम करते, तिला कळवलं. ती रात्रीच आली आणि पुढचे दिवस तिनेच सगळं केलं.

रविवारी मी सूर्यभानकडे गेले, पण स्प्रिंगा बदलायला नव्हे. टायरची बाजू पार खरवडून निघाली होती. टायर नवं घातलं.

"आन स्प्रिंगा?"

"राहू दे."

त्याने माझ्याकडे बघितलं. मी त्याला सगळं सांगितलं, तो चाकाशी बसून ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, "मडगार्डाची कडा अजून जरा वळवून देतो. घासायचं न्हाई मग. बसू दी त्याला आरामात."

मनकर्णा आजी घरी आल्या तेव्हा थंडी सरत आली होती. मी दुपारी परतताना त्यांच्या वस्तीवर जायला लागले, कधी फळं घेऊन, कधी नुसतीच. दोन पत्र्याच्या खोल्या, अंगणात शेवगा, दावणीला ती शेळी. आजी वॉकर धरून उभ्या राहायला शिकत होत्या आणि वॉकरला शिव्या घालत होत्या.

एकदा चहा पिताना त्यांनी विचारलं, "पोरी, त्या दिवशी गाडीत माझ्यासंगं मागं कोन बसलं हुतं गं?"

माझा कप तसाच राहिला. "का?"

"लई थंडी भरली हुती मला. दात वाजत हुते. मग कोनीतरी जवळ घेतलं. अंगाची ऊब लागली. तूच हुतीस का?"

"नाही आजी. मी गाडी चालवत होते. फडातला दादा पुढे बसला होता."

शेळीने शेवग्याची पानं ओढली, त्यांनी तिला हाकललं नाही.

"तुला दिसलं?" त्यांनी खालच्या आवाजात विचारलं.

"माणूस नाही दिसलं. तुमचं डोकं टेकलेलं दिसलं."

"व्हय," त्या म्हणाल्या. "टेकलं हुतं. वळखीचाच खांदा हुता."

कोण होता ते मी विचारणार होते. जिभेवर आलं होतं. पण त्यांचा चेहरा असा निवांत झाला होता की माझा प्रश्न तिथे उगाच दारात उभा राहिल्यासारखा वाटला. मी चहा संपवला.

त्यांनी पदर खोचला. "चल. मला रस्त्यापातूर ने. घरात बसून बसून आंबले मी."

"वॉकर आणते."

"नगं ती शिडी. तुझा हात दे."

आम्ही निघालो. एक पाऊल, मग थांबणं, मग एक पाऊल. त्यांच्या हाताची पकड लोखंडासारखी होती. वाट उतरती होती, दोन्हीकडे तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून नवा खोडवा फुटलेला, कोवळा हिरवा. अर्ध्या वाटेवर त्यांना धाप लागली, त्यांनी माझ्यावर भार टाकला, आणि मला वाटलं आता परत फिरावं लागणार.

"सोड," त्या म्हणाल्या.

"आजी, पडाल."

"पडले तर पडले. सोड म्हनलं ना. माझी मी जाते."

मी हात सोडला. त्या डुलल्या, सावरल्या, आणि चालायला लागल्या. समोर रस्त्यावर उसाने भरलेला ट्रॅक्टर येत होता. ड्रायव्हरने त्यांना बघितलं, गाणी बंद केली आणि ट्रॅक्टर थांबवला. दोन ट्रॉल्यांचा तो सगळा डोंगर धडधडत उभा राहिला, आणि मनकर्णा आजी कंबरेवर हात ठेवून, कुणाचीही घाई न करता, रस्ता ओलांडून पलीकडे, बाभळींखालच्या त्यांच्या नेहमीच्या जागी गेल्या.